लेझरने वेगवान केलेल्या सोन्यासारख्या जड आयनांना इलेक्ट्रॉन पुन्हा चिकटतात का? त्याने ऊर्जा घटते का?

चिकटतात की. यालाच पुनर्संयोग म्हणतात. लेझरनं तापून सुटे झालेले आयन नि इलेक्ट्रॉन यांचा ढग म्हणजे प्लाझ्मा. "एवढ्या तापलेल्या प्लाझ्मात पुनर्संयोग कुठला?" असं विचारणारे सर भेटले, तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

सोलापुरात एमएस्सीला होतो. सेमिनारचा विषय हाच. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हे वाक्य हसत फेकलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "पुढची स्लाइड." त्या रात्री आईनं कडक भाकरी नि शेंगाचटणी पुढं ठेवली, घास उतरला नाही. उत्तर सुचलं ते चार दिवसांनी, सिद्धेश्वरांच्या यात्रेत. सातही नंदीध्वज निघालेले, बाराबंदीतल्या माणसांची ही गर्दी. शेजारून पळत गेलेल्याच्या खांद्यावर हात टाकता येत नाही. आपल्याच चालीनं चालणाऱ्याच्या खांद्यावर सहज पडतो.

लेझर पडतो तेव्हा इलेक्ट्रॉन मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे, म्हणजे प्रचंड ऊर्जेचे नि वेगवान, आयनाच्या हाती लागत नाहीत. इथवर सर बरोबर. पण पुढं ढग पसरतो, गार होतो आणि काही इलेक्ट्रॉन आयनांच्याच वेगानं सोबत निघतात. आयनाच्या लेखी ते थंडच! दोन इलेक्ट्रॉन नि एक आयन अशा टकरीतल्या पुनर्संयोगाचा दर तापमान निम्मं झालं की सुमारे २३ पट होतो. मात्र तो घनतेच्या वर्गावरही चालतो, त्यामुळे ढग विरळ झाला की संधी संपली. आयनावर उरलेला विद्युतभार गोठतो.

ऊर्जेचं म्हणाल, तर मिळालेला वेग जात नाही. विद्युतभार उतरल्यावर पुढचा रेटा कमी बसतो, एवढंच. गोची मोजणीत आहे. ५१+ होऊन (५१ इलेक्ट्रॉन गमावून) निघालेला आयन थॉमसन पॅराबोलावर, म्हणजे आयनांना भारानुसार वळवून प्लेटवर टिपणाऱ्या उपकरणावर, ५०+ म्हणून उमटतो.

मुंबईच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेतून २०१३ साली प्रसिद्ध झालेलं काम बघा. अरगॉनच्या अणुगुच्छांवर लेझर मारून त्यांनी मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे चक्क उदासीन अणू मिळवले. तिथं इलेक्ट्रॉन आले ते शेजारच्या उत्तेजित गुच्छांकडून, मुक्त नव्हते, हे मान्य. सरांनी तेवढंच धरलं असतं.

तुम्ही सिम्युलेशन करत असाल तर कोडमध्ये पुनर्संयोग आहे का बघा. आयनीभवन (अणूतून इलेक्ट्रॉन सुटणं) असतं, हे बहुधा नसतं. नगण्य म्हणायचं तर आकडा काढून म्हणा, हसून नव्हे.

आणि चेंबरचं निर्वात आधी तपासा. ते खराब असेल तर उरलेल्या वायूकडूनही आयन इलेक्ट्रॉन उचलतात, मग माझं हे सगळं भांडण तुमच्या प्लेटवर ओळखूही येणार नाही.