आधी अंदाज, मग मीटर

प्रिय भावी अभियंत्यास,
सप्रेम आशीर्वाद.

इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स शाखा घेतलीस, याचा मनापासून आनंद आहे. अभ्यास नेमका कसा करावा, हा तुझा प्रश्न. माझ्या मते एक सवय पहिल्या सत्रातच लावून घेतली तर पुढचं बरंच अवघड सोपं होतं. मीटर लावण्याआधी उत्तर किती येणार ते वहीत लिहायचं, एककासकट. मग मोजायचं. दोन आकडे जुळले नाहीत तर कारण सापडेपर्यंत जोडणी सोडायची नाही. चुकलेलं सर्किट आणि बरोबर सर्किट टेबलावर दिसायला सारखंच असतं. मीटरवर आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायला आधीचा अंदाज हाताशी असावाच लागतो.

पहिल्याच आठवड्यात करता येईल असा प्रयोग सांगतो. १० व्होल्टच्या सप्लायवर १ मेगाओमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोड आणि मधल्या बिंदूवर किती व्होल्ट येतील ते लिही. कुणीही ५ लिहील. आता डिजिटल मल्टिमीटर लाव. तो ४.७६ च्या आसपास दाखवेल. इथे बरेच जण ‘मीटरची त्रुटी’ असं लिहून पान उलटतात, आणि शिकण्यासारखं जे होतं ते तिथेच राहून जातं. बहुतेक डिजिटल मीटरचा इनपुट रेझिस्टन्स १० मेगाओम असतो. तो खालच्या १ मेगाओमला पॅरलल जोडला गेला की खालचा रेझिस्टन्स ०.९०९ मेगाओम होतो, आणि १० गुणिले ०.९०९ भागिले १.९०९ म्हणजे ४.७६. हेच थेवेनिनच्या प्रमेयाने, म्हणजे सगळ्या सर्किटच्या जागी एक सोर्स आणि एक सिरीज रेझिस्टन्स धरून, करून बघ: ५ व्होल्टचा सोर्स, ५०० किलोओम सिरीजमध्ये, १० मेगाओमचा लोड. उत्तर तेच. मग दोन्ही रेझिस्टर १ किलोओमचे घे, फरक नाहीसा होईल. वर्गात नुसतं सिद्ध करून सोडलेलं थेवेनिनचं प्रमेय या प्रयोगाने हातात येतं. एक काळजी मात्र घे. रेझिस्टर १ टक्का टॉलरन्सचेच हवेत, म्हणजे छापील किमतीपेक्षा जास्तीत जास्त १ टक्का इकडेतिकडे. ५ टक्क्यांचे घेतलेस तर नुसत्या टॉलरन्समुळे मधला बिंदू ४.७५ ते ५.२५ मध्ये कुठेही जाऊ शकतो, मग कोणत्या कारणाने किती फरक पडला ते वेगळं काढता येणार नाही.

गणिताबद्दल थोडक्यात. कॉम्प्लेक्स नंबर, पहिल्या व दुसऱ्या ऑर्डरची डिफरन्शियल समीकरणं, फूरिये, लाप्लास आणि मॅट्रिक्स एवढं पक्कं असलं की पदवीचा बहुतेक भाग निभतो. यातही कॉम्प्लेक्स नंबरवर सर्वात जास्त वेळ घाल. एसी सर्किटचं गणित स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये कॉम्प्लेक्स नंबरांत मांडलं आणि डिफरन्शियल समीकरणांची जागा साध्या बीजगणिताने घेतली. फेझर, इम्पीडन्स, पॉवर फॅक्टर, फिल्टर सगळं त्याच पायावर उभं आहे. पोलरमधून रेक्टँग्युलरमध्ये आणि उलट जाणं कागदावर, न अडखळता यायला हवं. आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) सर्किटचं समीकरण दरवेळी सोडवत बसू नकोस. सुरुवातीची किंमत, शेवटची किंमत आणि टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स) ही तीन माहीत असली की उत्तर थेट लिहिता येतं. १० किलोओम आणि १० मायक्रोफॅरड म्हणजे ०.१ सेकंद, एका टाइम कॉन्स्टंटमध्ये ६३ टक्के, पाचांमध्ये ९९ टक्क्यांच्या वर.

सर्किट थिअरी हा विषय पास होऊन सोडून देण्यातला नाही. किरचॉफने आपले नियम १८४५ मध्ये, स्वतः विद्यार्थी असताना मांडले. शेवटच्या वर्षाच्या पॉवर सिस्टिममधलं लोड फ्लोही, म्हणजे कुठल्या लाइनमधून किती पॉवर वाहते त्याचं गणितही, त्याच नियमांवर चालतं. नोडल अॅनालिसिस (प्रत्येक जोडबिंदूवरचं व्होल्टेज काढायची पद्धत) कच्चं राहिलं तर ते ऑपॅम्पमध्ये (सिग्नल मोठा करणारा आयसी) आडवं येतं, ट्रान्झिस्टरच्या बायसिंगमध्ये येतं आणि कंट्रोलमध्येही.

आता इलेक्ट्रॉनिक्स. इथे पुस्तकातला आदर्श पार्ट आणि हातातला पार्ट यांतलं अंतर सर्वात जास्त जाणवतं, म्हणून ७४१ या ऑपॅम्पवर एक दुपार घालव. हा आयसी १९६८ चा. आज नव्या डिझाइनमध्ये त्याला फारसं कुणी घेत नाही, पण त्याच्या मर्यादा इतक्या ठळक आहेत की शिकायला याच्याइतका चांगला आयसी नाही. प्लस-मायनस १५ व्होल्ट दे, गेन १० ठेव, म्हणजे आउटपुट इनपुटच्या दहापट, आणि इनपुटला १ व्होल्ट पीकची साइन वेव्ह १ किलोहर्ट्झवर लाव. आउटपुटला १० व्होल्ट पीकची स्वच्छ साइन मिळेल. आता फ्रीक्वेन्सी २० किलोहर्ट्झ कर, पण त्याआधी काय होईल ते लिही. ७४१ चा गेन-बँडविड्थ प्रॉडक्ट १ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे गेन १० ला बँडविड्थ (जिथपर्यंत तो गेन टिकतो ती फ्रीक्वेन्सी) १०० किलोहर्ट्झ. या हिशेबाने २० किलोहर्ट्झला काहीच बिघडायला नको. स्कोपवर (ऑसिलोस्कोप, सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) मात्र साइनच्या जागी त्रिकोण दिसेल आणि त्याचा पीक ६ व्होल्टच्या जवळपास घसरलेला असेल.

कारण स्ल्यू रेट. ७४१ चं आउटपुट मायक्रोसेकंदाला साधारण ०.५ व्होल्ट या वेगाने बदलू शकतं. १० व्होल्ट पीकच्या साइनला २० किलोहर्ट्झवर २ पाय गुणिले फ्रीक्वेन्सी गुणिले पीक, म्हणजे मायक्रोसेकंदाला १.२६ व्होल्ट लागतात. आयसीला तेवढं धावता येत नाही, म्हणून तो सरळ रेषेत चढतो आणि सरळ रेषेत उतरतो. पाव सायकल १२.५ मायक्रोसेकंदांची, त्याला ०.५ ने गुणलं की ६.२५ व्होल्ट, त्रिकोणाची उंचीसुद्धा अशी हिशेबात बसते. आता बाकी काही न बदलता इनपुट ०.१ व्होल्टवर आण. त्रिकोण जाऊन पुन्हा साइन येईल, कारण १ व्होल्ट पीकला ०.१२६ पुरतात. बँडविड्थची मर्यादा लहान सिग्नललाही लागू असते, स्ल्यू रेटची फक्त मोठ्या सिग्नलला. हा फरक व्याख्या पाठ करून डोक्यात राहत नाही, असा बघितला की राहतो.

स्कोप वापरताना प्रोब (सर्किटला लावायची त्याची तार) नेहमी दहापटीवर (१०एक्स) ठेव. एकपटीवर ठेवला तर केबलचा सुमारे १०० पिकोफॅरड थेट सर्किटवर येतो, दहापटीवर १० ते १५ पिकोफॅरडच येतो. बसल्याबरोबर प्रोब स्कोपवरच्या कॅलिब्रेशनच्या स्क्वेअर वेव्हला लाव आणि कोपरे काटकोनात येईपर्यंत प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरव. कोपरे गोल राहिले किंवा टोकं वर निघाली तर पुढची सगळी मापं चुकीची. आणि हे कधीही विसरू नकोस: प्रोबची ग्राउंड क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते. मेन्सवर चालणाऱ्या सर्किटमध्ये ती लाइव्ह बिंदूला लावली की सरळ शॉर्ट. तिथे डिफरन्शियल प्रोबच हवा.

ब्रेडबोर्डवरचं सर्किट ‘कधी चालतं, कधी नाही’ असं वागू लागलं तर आयसी बदलण्याआधी दोन गोष्टी बघ. मोठ्या ब्रेडबोर्डमध्ये कडेच्या सप्लायच्या पट्ट्या अनेकदा मधोमध तुटलेल्या असतात, त्यामुळे अर्ध्या आयसींना सप्लायच मिळत नाही. दुसरं, प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनपाशी १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आहे का? लांब तारांना इंडक्टन्स असतो. आयसीने एकदम करंट ओढला की पिनवरचं व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि मायक्रोकंट्रोलर उगाच रीसेट होतो. कपॅसिटर पिनला चिकटून हवा, दहा सेंटिमीटरवर लावलेल्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

डेटाशीट वाचायला शीक, आणि त्यात आकड्याशेजारची टेस्ट कंडिशन आधी वाच. नेहमीची फसगत मॉसफेटची, म्हणजे गेटवरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरची. आयआरएफझेड४४एनच्या डेटाशीटमध्ये थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट दिलेला असतो. तो बघून विद्यार्थी गेटला ३.३ किंवा ५ व्होल्ट देतात आणि मोटर चालेल असं धरून चालतात. तो थ्रेशोल्ड २५० मायक्रोअँपिअरवर मोजलेला आहे, म्हणजे मॉसफेट जेमतेम सुरू होण्याचा बिंदू. १७.५ मिलीओमचा ऑन रेझिस्टन्स गेटला १० व्होल्ट दिल्यावरच मिळतो. कमी गेट व्होल्टेजवर तो अर्धवट उघडतो आणि तापून जातो. मायक्रोकंट्रोलरवरून थेट चालवायचा असेल तर ज्याचा ऑन रेझिस्टन्स ४.५ व्होल्टला किंवा त्याखाली दिलेला आहे असा लॉजिक लेव्हलचा मॉसफेट निवड, आणि गेटवरून ग्राउंडला १० किलोओम लावायला विसरू नकोस, नाहीतर पिन सेट होण्याआधी गेट अधांतरी राहतो. ‘अॅब्सोल्यूट मॅक्सिमम’च्या तक्त्यातले आकडे हे पार्ट मरण्याच्या सीमेचे आहेत, डिझाइन त्यांच्यावर करायचं नसतं.

उष्णतेचा हिशेबही आधीच कर. ७८०५ ला (५ व्होल्टचा रेग्युलेटर आयसी) १२ व्होल्ट देऊन ५ व्होल्टला अर्धा अँपिअर घेतला तर ७ गुणिले ०.५, म्हणजे ३.५ वॅट त्याच्यातच जळतात. हीटसिंक नसेल तर त्याचं तापमान वॅटमागे सुमारे ६५ अंशांनी वाढतं. ३.५ ने गुणलंस की कळेल, तो स्वतःला बंद का करून घेतो.

सिम्युलेशन जरूर कर, पण अंदाज लिहून झाल्यावर. स्पाइस या सर्किट सिम्युलेशनच्या प्रोग्रॅममध्ये एक जुना खड्डा आहे: आकड्यापुढचा ‘एम’ लहान असो की मोठा, त्याचा अर्थ मिलीच होतो. मेगासाठी ‘मेग’ असं पूर्ण लिहावं लागतं. १ मेगाओम लिहायला गेलेल्याच्या सर्किटमध्ये १ मिलीओम बसतो आणि प्रोग्रॅम तक्रारही करत नाही. आधीचा अंदाज लिहिलेला असला की ही चूक लगेच पकडली जाते.

मशीनच्या लॅबला काही जण कंटाळवाणी म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. तिथल्या चुकीने माणूस दुखावतो, म्हणून तिथे अंदाजाची किंमत आणखी जास्त. चार पोलची इंडक्शन मोटर, ५० हर्ट्झ: १२० गुणिले ५० भागिले ४, सिंक्रोनस स्पीड (फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा वेग) मिनिटाला १५०० फेरे. पाटीवर १४४० लिहिलं असेल तर पूर्ण लोडवर स्लिप, म्हणजे रोटर त्या वेगाच्या जितका मागे राहतो ते, ४ टक्के आणि रोटरमधली फ्रीक्वेन्सी २ हर्ट्झ. थेट लाइनवर सुरू करताना करंट पूर्ण लोडच्या पाच ते सातपट जातो, तेव्हा अँमीटरची रेंज त्या हिशेबाने निवड. ट्रान्सफॉर्मरच्या शॉर्ट सर्किट टेस्टमध्ये पूर्ण करंट यायला रेटेड व्होल्टेजच्या थोडेच टक्के पुरतात. म्हणून स्विच टाकण्याआधी व्हेरिअॅक (व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) शून्यावर आहे का ते हाताने फिरवून बघायचं. तो मध्यावर राहिला तर करंट रेटेडच्या कितीतरी पट उसळतो. ओपन सर्किट टेस्टमध्ये पॉवर फॅक्टर फार कमी असतो, तिथे लो पॉवर फॅक्टरचाच वॅटमीटर घे. करंट ट्रान्सफॉर्मरची (मोठा करंट मोजण्यासाठी लहान करून देणारा) सेकंडरी प्रायमरीत करंट असताना कधीही उघडी ठेवू नकोस. सेकंडरीचा विरोध गेला की प्रायमरीचा सगळा करंट कोअर मॅग्नेटाइझ करण्यात लागतो आणि उघड्या टोकांवर जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. अँमीटर काढायचा असेल तर आधी सेकंडरी शॉर्ट कर.

मेन्सवरच्या सर्किटमधला कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही भरलेला असतो. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय केल्यावर पीक ३२५ व्होल्ट. १०० मायक्रोफॅरडमध्ये ५ जूलहून जास्त ऊर्जा साठते. त्यावर १०० किलोओमचा ब्लीडर, म्हणजे कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर, कायमचा लाव: टाइम कॉन्स्टंट १० सेकंद, ५० सेकंदांनी उरतात दोनेक व्होल्ट. त्या रेझिस्टरमध्ये चालू असताना १.०६ वॅट जळतात, म्हणून तो २ वॅटचा घे, पाव वॅटचा टिकणार नाही. आणि ब्लीडर आहे म्हणून निर्धास्त होऊ नकोस, तो आतून उघडा पडलेलाही असू शकतो. हात लावण्याआधी मीटर लावायचाच.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं आतापासून विचारलं आहेस, म्हणून तेवढं लिहितो. विषय छोटा घे आणि बांधणी पॉवर सप्लायपासून सुरू कर. ५ व्होल्ट, अर्धा अँपिअरचा सप्लाय असेल तर पुढचं काही जोडण्याआधी १० ओमचा, ५ वॅटचा रेझिस्टर लावून तो अर्धा तास चालव. त्यात २.५ वॅट जळतील. व्होल्टेज खाली येतं का, काय तापतं ते बघ. मग एकेक ब्लॉक जोडत जा. रिले असेल तर कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा, म्हणजे कॅथोड प्लसकडे, लाव. तो नसला तर कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज ट्रान्झिस्टर मारतं. नवा बोर्ड पहिल्यांदा चालू करताना आधी सप्लाय आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स मोज, मग बेंच सप्लायची करंट लिमिट अंदाजाच्या थोडी वर ठेव. ४० मिलीअँपिअर अपेक्षित असतील तर १००. लिमिटचा दिवा लागला तर लगेच बंद कर. लिमिट वाढवून बघायचा मोह आवर, त्याने बिघाड सापडत नाही, आणखी एक पार्ट जातो.

विषय ठरला की ब्लॉक डायग्राम काढून पाठव. प्रत्येक चौकटीवर तिला लागणारं व्होल्टेज आणि जास्तीत जास्त करंट लिही, आणि खाली त्या करंटची बेरीज. ती बेरीज बघून मगच पुढचं बोलू.