दुसऱ्या वेळी जुळी झाली, मग शिक्षण भत्ता दोघांचाच का?

प्रश्न : माझे यजमान लष्करात नायक आहेत. थोरली मुलगी चौथीत, तिच्या पाठची जुळी मुलं लहान गटात. 'भत्ता दोनच अपत्यांना' म्हणत युनिटच्या ऑफिसने एका जुळ्याचा क्लेम परत पाठवला. त्यात शाळा म्हणते, बसची थकबाकी भरा, मगच मुलं इथे शिकत असल्याचा दाखला. काय करावं? – एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या तिन्ही मुलांचा भत्ता लागू होतो. क्लार्कने नियम अर्धाच वाचलाय. हयात असलेल्या पहिल्या दोन अपत्यांना भत्ता, हे खरं. पण दुसऱ्या बाळंतपणात जुळी किंवा तिळी होऊन संख्या दोनाच्या वर गेली, तर त्या सगळ्यांना तो मिळतो, असा अपवाद त्याच नियमात आहे. (उलट झालं असतं, आधी जुळी आणि मग मुलगी, तर तिचा हक्क बसला नसता.) पहिलीच्या आधीचे वर्गही धरले जातात, त्यामुळे लहान गटाचीही अडचण नाही.

रक्कम थोडकी नाही. १ जानेवारी २०२४ पासून दर मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे, म्हणजे वर्षाला ३३,७५० रुपये. ही रक्कम ठरीव आहे. वह्या-बुटांची बिलं कोणी मागितली तर ती २०१७ च्या आधीची सवय समजा.

दाखल्यासाठी शाळेशी भांडत बसू नका. मुख्याध्यापकांचा दाखला मिळत नसेल तर प्रगतिपुस्तकाची किंवा फीच्या पावतीची स्वसाक्षांकित प्रत चालते. शाळा मात्र मान्यताप्राप्त हवी.

आता खरी मेख. यजमानांना सांगा, दोन्ही जुळ्यांच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या घरची माहिती त्याच्या सेवा-नोंदीत चढवणारा युनिटचा आदेश) निघाली आहे का, ते आधी बघा. माझ्याकडे येणारे असे क्लेम नियमापेक्षा या नोंदीपायी जास्त अडलेले असतात. बारशाआधी काढलेल्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी राहते, शाळेत नाव पडतं वेगळंच, आणि पे ऑफिसला तो तिसराच मुलगा वाटतो. दोघांचे नाव घातलेले दाखले काढा, जन्मतारीख एकच आहे ना ते तपासा आणि क्लेमला जोडा.

एवढं करूनही नकार आला तर तो लेखी मागा. मग आर्मी ॲक्टच्या कलम २६ खाली वरिष्ठांकडे तक्रार. तिथे विरुद्ध निकाल लागला तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत, आणि सहा महिने काही उत्तरच आलं नाही तर त्यापुढच्या सहा महिन्यांत, सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येतं. इतकी वेळ बहुधा येणार नाही. मात्र क्लेम काय, तक्रार काय, सही यजमानांचीच लागेल; ते सीमेवर असले तरी कागद तुमच्या सहीने पाठवू नका.