68,000चा कॉम्प्युटर की 6,000चा बॉक्स?

प्रश्न : वय 36, नाशिकला खासगी नोकरी. हातात 58,000 पगार येतो. गृहकर्जाचा 17,500चा हप्ता धरून घरखर्च 48,000, एसआयपी 5,000. एफडीत 45,000 आहेत, बाकी शिल्लक नाही. घरचा 43 इंची फुल एचडी स्मार्ट टीव्ही 2018चा असल्यामुळे त्यावरची अ‍ॅप्स अडकतात, काही तर बंदच पडली. शिवाय वडिलांच्या कीर्तनांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यात, मुलीचे व्हिडिओ आहेत, सगळं एका हार्ड डिस्कवर आहे. हे सगळं एकत्र पाहता-ऐकता यावं म्हणून टीव्हीला जोडायला 68,000चा कॉम्प्युटर बांधून घ्यायचा विचार आहे. क्रेडिट कार्डावर 12 महिने नो कॉस्ट ईएमआय मिळतोय, तेवढे दिवस एसआयपी थांबवेन. पत्नीचं म्हणणं, टीव्हीला जोडून ओटीटी अ‍ॅप्स चालवणारा साधा बॉक्स घ्या. काय करू?

उत्तर : बॉक्स घ्या. तुमच्या पत्नीचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते फक्त स्वस्त पडतं म्हणून नाही.

तुम्ही एका यंत्राकडून दोन कामं करून घ्यायला निघाला आहात. ओटीटी पाहणं हे पहिलं काम, आणि त्यात महागडा कॉम्प्युटर साध्या बॉक्सच्या मागे पडतो. ओटीटी कंपन्या चित्राचा दर्जा यंत्राच्या ताकदीवर ठरवत नाहीत, चोरीविरोधी कुलपावर ठरवतात. अधिकृत गूगल टीव्ही किंवा फायर टीव्हीच्या बॉक्समध्ये ते कुलूप, म्हणजे वाईडवाइन एल1, कारखान्यातूनच बसवलेलं असतं. तुम्ही बांधणार तशा कॉम्प्युटरवर नेटफ्लिक्स 4के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारीक चित्रात, पाहायचं तर विंडोज हवं, ठरावीक ब्राउझर किंवा अ‍ॅप हवं, पुरेसा नवा प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड हवं, एचडीसीपी 2.2 (एचडीएमआय केबलवरचं असंच कुलूप) चालणारा टीव्ही हवा. तुमचा टीव्ही तर फुल एचडीच आहे. ग्राफिक्स कार्डाचे पैसे पडद्यावर दिसणारच नाहीत.

दुपारी घरातलं दुसरं कोणी टीव्ही लावणार असेल, तर त्याचाही विचार करा. बॉक्सचा रिमोट दाबला की टीव्हीही सुरू होतो. बहुतेक कॉम्प्युटरांच्या एचडीएमआयमध्ये ही सोय नसते. मग कीबोर्ड, माउस, मध्येच विंडोजचं अपडेट. घरातला प्रत्येक जण हे रोज निभावून नेईल का, हे तुम्हीच सांगा.

आता हप्त्याचं. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्यवहारात होतं असं की व्याजाएवढी सूट दुकानदार आधी देतो आणि बँक ते व्याज तुमच्याकडून वसूल करते. दर 15 टक्के धरला तर 68,000वर ते व्याज साधारण 5,200 होतं. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो तुमच्या खिशातून : सुमारे 940. वर प्रोसेसिंग फी. म्हणजे ‘नो कॉस्ट’ हजार-बाराशेला पडतं, आणि रोखीने घेतल्यावर मिळाली असती ती सूट जाते ती वेगळीच. रक्कम मोठी नाही, पण सही करण्यापूर्वी ती माहीत असावी.

खरी काळजी पुढची आहे. 5,667चा हप्ता गृहकर्जाच्या हप्त्यात मिळवला की पगाराचे 40 टक्के हप्त्यांतच जातात. हाताशी 45,000, म्हणजे एक महिन्याचाही घरखर्च नाही. वर्षभर एसआयपी थांबली म्हणून आभाळ कोसळत नाही, त्या भीतीपोटी मी नाही म्हणत नाही. पण खासगी नोकरी, लहान मूल आणि महिन्याभराचीही शिदोरी नाही, अशा घराने टीव्हीसाठी नवं कर्ज काढू नये, असं मला मनापासून वाटतं.

त्यात 2025च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, म्हणजे कॉम्प्युटर बांधायला वेळही चांगली नाही. विजेचंही बघा. 60 वॉट खाणारा कॉम्प्युटर रोज पाच तास चालला तर वर्षाला 110 युनिट होतात. 10 रुपये दराने ते 1,100 रुपये. बॉक्स चार-पाच वॉटवर चालतो, त्याचे शंभरही होत नाहीत.

बॉक्स घेताना यूएसबी पोर्ट असलेलाच घ्या. टीव्हीत थेट खोचायच्या नुसत्या स्टिकला बहुधा तो नसतो आणि तुमची हार्ड डिस्क जोडायची आहे. घरून तुमच्या डिस्कच्याच पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर एक कीर्तन आणि फोनवर काढलेला एक व्हिडिओ घेऊन जा, दुकानातच लावून बघा, कारण एनटीएफएस या विंडोजच्या साठवण पद्धतीची डिस्क काही बॉक्स वाचत नाहीत. आवाज-व्हिडिओ लावायची व्हीएलसी आणि कोडी ही दोन्ही अ‍ॅप्स फुकट आहेत, कीर्तनांना तेवढं पुरतं. ‘सगळे चॅनेल फुकट’ म्हणून विकले जाणारे अनोळखी बॉक्स मात्र घरात आणू नका. अशा बॉक्समध्ये आधीच घुसवलेल्या बॅडबॉक्स नावाच्या मालवेअरबद्दल (घातक सॉफ्टवेअरबद्दल) अमेरिकेच्या एफबीआयने जून 2025 मध्ये उघड इशारा दिला होता.

दुसरं काम कीर्तनांचं, आणि पत्र वाचताना मी तिथेच थबकलो. कॅसेटी जुन्या, उतरवून घेतलेलं सगळं एकाच डिस्कवर. ती पडली, बिघडली, तर 68,000चा कॉम्प्युटर काय करणार? इथे पैसे घाला, आणि आधी घाला. 2 टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क साधारण 7,000 धरा. सगळं तिच्यावर उतरवा आणि ती घरात न ठेवता भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा. निव्वळ कीर्तनांचा आवाज फार जागा खात नाही, त्याची तिसरी प्रत क्लाउडवरही सहज मावेल. मूळ कॅसेटी टाकून देऊ नका, कोरड्या जागी ठेवा.

बॉक्स 6,000 आणि डिस्क 7,000 मिळून 13,000. महिन्याला तुमच्याकडे 5,000 उरतात, त्यातून तीन महिन्यांत दोन्ही येतील, कर्ज लागणार नाही. पहिल्यांदा डिस्क. एसआयपी थांबवायला तुम्ही तयार होताच, तर मी म्हणेन वर्षभर अर्धी करा आणि ते 2,500 रिकरिंग डिपॉझिटमध्ये टाका, उरलेले 5,000ही तिकडेच वळवा. खरेदीचे 13,000 वजा करूनही वर्षअखेरीस एफडीसकट सुमारे 1,22,000 होतील, म्हणजे अडीच महिन्यांचा खर्च. नेटफ्लिक्सचा 649चा प्लॅन असेल तर 499चा करा. फुल एचडी टीव्हीवर 4केचे पैसे भरून उपयोग नाही, वर्षाला 1,800 वाचतील. फक्त एका वेळी दोनपेक्षा जास्त ठिकाणी पाहत नसाल याची खात्री करा.

कॉम्प्युटर बांधायची हौस मला कळते, ती मारून टाका असं मी म्हणणार नाही. एफडी आणि रिकरिंग मिळून हा निधी दीड लाखावर गेला की विषय पुन्हा काढा. तेव्हाही ग्राफिक्स कार्डवाला मोठा डबा नको. इंटेल एन100सारख्या कमी वीज खाणाऱ्या चिपचा, 8 जीबी रॅमचा मिनी पीसी घरातल्या कीर्तन-व्हिडिओंच्या साठ्याला पुरतो. तो रोखीने घ्या, आणि टीव्हीखालचा बॉक्स तसाच राहू द्या.