सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गामुळे शरीरभर उसळलेल्या घातक प्रतिक्रियेत) रक्तदाब ठीक असूनही किडनीला रक्त कमी पडतंय, हे कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत कळतं का?

बऱ्याच अंशी, हो. सोनोग्राफीत रक्त उठून दिसावं म्हणून (हाच कॉन्ट्रास्ट) शिरेतून सल्फर हेक्साफ्लोराइड वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात. सरासरी २.५ मायक्रॉनचे, तांबड्या पेशीहूनही लहान. केशवाहिन्यांतून सहज जातात, पण बाहेर झिरपत नाहीत. मग जोरदार ध्वनिलहरीने किडनीतले बुडबुडे फोडायचे आणि नवे किती वेगाने भरतात ते मोजायचं. मोठ्या धमनीतला प्रवाह चांगला असूनही किडनीच्या बाह्यस्तरात हे भरणं मंदावलेलं असू शकतं. साध्या डॉप्लरला (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या नेहमीच्या सोनोग्राफीला) इतक्या बारीक वाहिन्या दिसत नाहीत.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की वायू श्वासावाटे निघून जातो, आधीच थकलेल्या किडनीवर भार येत नाही आणि तपासणी आयसीयूत खाटेजवळच होते. मात्र आकडे मशीनगणिक बदलतात. एकाच रुग्णाची आधीची-नंतरची तुलना जास्त भरवशाची.