पाइपलाइन सुरू झाली, पण डिप्लॉय झालं का?

प्रश्न : हिंजवडीतल्या एका छोट्या कंपनीत मी काम करतो. रोज एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) कन्सोलवर जाऊन कोडपाइपलाइनचं, म्हणजे कोड टप्प्याटप्प्याने सर्व्हरवर नेणाऱ्या साधनाचं, ‘रिलीज चेंज’ बटण दाबतो. तेच टर्मिनलवरून करायला गेलो तर ‘पाइपलाइन नॉट फाउंड’ असा एरर येतो. नाव चारदा तपासलं. शेजारच्या सहकाऱ्याकडे तीच कमांड चालते, पण एक लांबलचक आयडी देऊन संपते. पुढे काय झालं ते कसं कळणार?
– एक वाचक, वाकड

उत्तर : नाव बरोबर आहे ना, मग रीजन बघा, म्हणजे एडब्ल्यूएसचे कोणत्या भागातले सर्व्हर वापरताय ते. पुण्यातल्या बऱ्याच टीम मुंबई रीजन वापरतात, म्हणजे ‘एपी-साउथ-१’. तुमच्या लॅपटॉपवर ‘एडब्ल्यूएस कॉन्फिगर’ करताना दुसराच रीजन पडला असेल, तर कमांड तिथे शोधते आणि तिथे तुमची पाइपलाइन नसतेच. पाइपलाइन सुरू करणाऱ्या ‘स्टार्ट-पाइपलाइन-एक्झिक्युशन’ कमांडला ‘नेम’सोबत ‘रीजन’ही द्या. तरी अडलं तर ‘एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी’ चालवा; तुम्ही कोणत्या अकाउंटमधून काम करताय ते ही कमांड सांगते. अकाउंटच भलतं असेल तर लगेच दिसेल.

आता त्या आयडीबद्दल, कारण खरा मुद्दा तोच आहे. आयडी मिळाला म्हणजे पाइपलाइन सुरू झाली, एवढंच. कोड सर्व्हरवर गेला असा त्याचा अर्थ अजिबात नाही. आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी सांगते, कारण आयडी दिसला की लोक ग्रुपवर ‘डिप्लॉय झालं’ असं टाकून मोकळे होतात आणि टेस्टर बिचारे जुन्याच बिल्डवर बग शोधत बसतात.

तो आयडी स्क्रिप्टमध्ये धरून ठेवा आणि ‘गेट-पाइपलाइन-एक्झिक्युशन’ने अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने स्टेटस विचारा. ‘सक्सीडेड’ आलं तरच झालं म्हणा. ‘फेल्ड’ आलं तर स्क्रिप्ट शून्याशिवायच्या एक्झिट कोडने (म्हणजे ‘काम फसलं’ असं कळवून) थांबली पाहिजे, नाहीतर पुढच्या पायऱ्या बिनदिक्कत चालत राहतील. ‘सुपरसीडेड’ दिसलं तर घाबरू नका: तुमच्या मागून कुणीतरी पाइपलाइन सुरू केली आणि ती पुढे निघून गेली. स्टेटस बराच वेळ ‘इनप्रोग्रेस’वरच असेल तर मध्ये मॅन्युअल अप्रूव्हल आहे का बघा. तिथे कुणी होकार दिला नाही, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये पाइपलाइन ७ दिवस वाट बघते आणि मग फेल होते.

एक गोष्ट मात्र आवर्जून करा. या कामासाठी अ‍ॅडमिनच्या किल्ल्या (अ‍ॅक्सेस की) लॅपटॉपवर ठेवू नका. त्या एका पाइपलाइनपुरती सुरू करण्याची आणि स्टेटस वाचण्याची परवानगी असलेला वेगळा रोल मागून घ्या. तुमचे सीनियर ‘कशाला एवढं?’ म्हणतील, तरी मागा. स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे टीमच्या सामायिक कोडसाठ्यात, जाणार, चार जण ती कॉपी करणार. किल्ली तिच्यात असेल तर तीही सगळीकडे जाणार.