कोरोनाकाळातल्या बोलीभाषेतल्या विनोदी पाट्या वाचून लोक खरंच लांब उभे राहायचे, की नुसते फोटो काढायचे?

फोटो काढायचे. तेही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. पण प्रश्नाखाली तुम्ही 'असल्या पाट्यांनी भाषेचा दर्जा घसरतो' असं लिहिलंय ना, म्हणून हात शिवशिवले.

आमची कुडाळ तालुक्यात पिठाची गिरण आहे. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तरी गिरण चालू होती. खळ्यात चुन्याने गोल आखले आणि प्लायच्या तुकड्यावर लाल ऑइलपेंटने लिहिलं: 'वायच लांब रव मेल्या, पीठ खंय पळान जावचा नाय.'

दुसऱ्या दिवशी भाओजी दळण घेऊन आले. हायस्कुलात मराठी शिकवतात. "गिऱ्हाइकांना मेल्या म्हणतोस?" बहिणीच्या नवऱ्यापुढे काय बोलणार! पाटी उलटी केली आणि मागच्या बाजूला ते सांगतील तसं लिहिलं: 'ग्राहकांनी कृपया सामाजिक अंतर राखून सहकार्य करावे.'

लोकांनी सहकार्य केलं. डबे गोलात ठेवले आणि स्वतः फणसाखाली घोळका करून गजाली मारत बसले. अंतर डब्यांनी राखलं.

मग एक म्हातारी नातीला घेऊन आली. नातीने पाटी मोठ्याने वाचली. "सामाजिक अंतर म्हणजे काय गो?" "लांब रवाचा, आजये." म्हातारी म्हणाली, "मगे ता आमका काय नवीन नाय." ती कुठल्या वाडीतली, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. त्या संध्याकाळी मी पाटी परत फिरवली. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा त्याच मार्चमध्ये 'सोशल' सोडून 'फिजिकल' म्हणायला सुरुवात केली होती, आमच्याकडे मात्र 'सामाजिक' हा शब्द चिकटला तो चिकटलाच. शुद्ध शब्द निरुपद्रवी असतो हा मास्तर लोकांचा गैरसमज आहे.

आणि ते 'दो गज दूरी'? आमच्याकडे गज म्हटला की खिडकीचा. दोन गजांत अंतर किती, तर मांजर जाईल इतकं.

तर तुमचा प्रश्न. मालवणी बाजू पुढे आल्यावर लोक पाटीला उत्तरं देऊ लागले. गेटातूनच ओरडायचे, "पीठ नाय पळाचा, लायटीचा काय?" मी आतून ओरडायचो. निदान बोलणं तरी लांबून व्हायला लागलं. कोल्हापूरच्या एका मित्राने त्याच्या दुकानावर 'लांब हुबा ऱ्हा की भावा' लिहिलं होतं, त्याचाही अनुभव असाच. रोग किती थांबला ते विचारू नका, मी गिरणवाला आहे.

पण दर्जाचं बोलू. पुण्यातला दुकानदार पाटीवर गिऱ्हाइकाचा पाणउतारा करतो, ती 'पुणेरी पाटी', तिचं कौतुक होतं. आम्ही मायेने मेल्या म्हटलं की गावंढळ. हेच भाओजी मालवणी नाटकाला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात, आणि भाची घरात 'माका' म्हणाली की 'मला म्हण' म्हणून डोळे वटारतात. म्हणजे मालवणी तिकीट काढून ऐकायची, फुकट बोलायची नाही! भाओजी, तुम्ही हे वाचताय हे मला ठाऊक आहे. 'पीठ खंय पळान जावचा नाय' हे वाक्य तुमच्या शुद्ध मराठीत करून दाखवा, आणि कुणी हसलं तर मला कळवा.

तुम्हाला पाटी लिहायची असेल तर आधी गावातल्या दोन म्हाताऱ्यांना वाचून दाखवा. हसल्या तर लावा.

एक मात्र सांगायला हवं. मे महिन्यात मुंबईहून माणसं यायला लागली तेव्हा वाडीच्या वळणावर मीच दुसरी पाटी लावली होती: 'चाकरमान्यांनू, थयच रवा.' आम्हाला भारी विनोद वाटला. माझा चुलतभाऊ ई-पास काढून, बायको-पोरांना घेऊन आला, त्याने ती वाचली आणि चौदा दिवस शाळेत काढले. शाळेच्या खिडकीतून ती पाटी दिसायची. मी काढली, पण आठवड्याने. अजूनही त्याला फोन करून "खंय आसस?" विचारलं की म्हणतो, "थयच."