जॅझचे शिक्षण : वादन घ्यावे की रचना?

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. पाश्चात्त्य पियानोच्या परीक्षा ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली असून, तिला बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी या संगीत महाविद्यालयात जॅझ शिकायचे आहे. ऐनवेळी सुचणारे संगीत वर्गात शिकवता येते का? आणि वादन व रचना यांपैकी तिने कोणता विषय घ्यावा?
– एक पालक, सांगली

उत्तर : आपली पहिली शंका जॅझइतकीच जुनी म्हणावी लागेल. फ्रँकफुर्टच्या हॉख कॉन्झर्व्हेटरीत मात्याश शायबर यांनी १९२८ मध्ये जॅझचा वर्ग सुरू केला, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली आणि नाझी सत्तेवर येताच १९३३ मध्ये तो बंद पडला. नॉर्थ टेक्सासच्या महाविद्यालयाने १९४७ मध्ये पदवी सुरू केली खरी, पण जॅझ हे नाव टाळून तिला 'डान्स बँड'ची पदवी म्हटले. आपण विचारता त्या संस्थेत जॅझचा विभाग १९६९ मध्ये गुंथर शुलर यांनी उभा केला.

सुचणे शिकवता येत नाही. सुचलेले त्याच क्षणी बोटांतून उतरवण्याची तयारी मात्र शिकवता येते, आणि ती मुख्यतः कानाची असते. याच संस्थेत दीर्घकाळ शिकवलेले पियानोवादक रॅन ब्लेक यांचा भर ध्वनिमुद्रण ऐकून चाल आधी गळ्यात बसवण्यावर आणि मगच वाद्याकडे वळण्यावर होता. परीक्षेच्या तुकड्यांवर हात बसलेल्या मुलीला नेमके हेच जड जाते, म्हणून गुणपत्रिकेवर फार विसंबू नये. बारा मात्राखंडांच्या ब्लूजचे, म्हणजे जॅझमधल्या एका ठरलेल्या स्वरसंगती-साच्याचे, आवर्तन मनात अखंड चालू ठेवून, त्यावर दर वेळी नवे काही वाजवता येते का, हे घरीच पाहावे.

वादन आणि रचना यांत जॅझपुरती भिंत पातळ आहे, कारण एकल वाजवणारा त्या क्षणी रचनाच करीत असतो. फरक पडतो तो दुसऱ्यांसाठी लिहिताना. आल्टो सॅक्सोफोनसाठी कागदावर 'सी' लिहिला, तर कानी 'ई फ्लॅट' येतो. हे ध्यानात न घेता पियानोवरचे स्वर जसेच्या तसे उतरवून दिले, की पहिल्याच तालमीत सारा बँड बेसूर होतो. ट्रॉम्बोनचे तर आणखी वेगळे. पियानोवर शेजारी असलेले खालचे 'बी फ्लॅट' आणि 'बी' हे दोन स्वर साध्या ट्रॉम्बोनच्या सरकनळीवर पहिल्या आणि सातव्या, म्हणजे दोन टोकांच्या, स्थानांवर येतात. ते जलद लयीत एकामागोमाग लिहिणाऱ्यावर वादक वैतागला, तर दोष वादकाचा नव्हे. शिवाय फुंकणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो, ही गोष्ट पियानोवाले हमखास विसरतात.

ही जाण पुस्तकातून अर्धीच येते. उरलेली, आपण लिहिलेले सहाध्यायांनी वाजवल्यावर येते, आणि माझ्या मते कॉन्झर्व्हेटरीत जाण्याचे खरे कारण तेच आहे; कारण वाजवणारे चांगले साथीदार एका छताखाली रोज भेटणे बाहेर सहसा साधत नाही. म्हणून तिने प्रवेश वादनासाठी घ्यावा आणि रचनेचे वर्ग जोडीने करावेत, असे मी सुचवीन. मुळात ती स्वतःहून, कोणी न सांगता, चाली आणि स्वरसंगती लिहीत बसत असेल, तर मात्र उलट निर्णय योग्य ठरेल. आपल्याकडेही ही दोन कामे एकाच माणसाने केल्याची उदाहरणे आहेत : फाळणीपूर्वी लाहोरमध्ये हॉटेलच्या बँडमध्ये वाजवणारे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा पुढे मुंबईत शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाचे अरेंजर, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते लिहून देणारे, झाले.

खर्च मोठा आहे. शिष्यवृत्ती हाती आल्याखेरीज ती हिशेबात धरू नये. प्रवेशासाठी साधारणतः आधी ध्वनिमुद्रण पाठवावे लागते. ते एकट्या पियानोचे न पाठवता, शक्य असल्यास बेस आणि ड्रम यांच्या साथीने करावे, म्हणजे ती इतरांचे ऐकत वाजवते की नाही हे परीक्षकांना कळेल.